दोन दोरांवरची एम.ए.

माझ्या मामांच्या घरी माणसाची डिग्री आधी येते, नाव मागून. करोल बागेतल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारात मी पहिल्यांदा बॅग घेऊन उभा राहिलो, तेव्हा श्यामकांतमामांनी आत मामींना हाक मारली, "अहो, भोकरदनचा डिप्लोमा मेकॅनिकल आलाय, चहा टाका." मला मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि खोली मिळेपर्यंत मी त्यांच्याकडे राहणार होतो. ती खोली मी फार नेटाने शोधली असं म्हणता येणार नाही. मामीच्या हातची आमटी हे एक कारण. देविकाताई हे दुसरं.

ओळख करून देताना मामा रांगेने सांगत: स्वतः बी.कॉम., शिवाय केंद्र सरकारच्या ऑडिट खात्याची भलीमोठी परीक्षा पास, सुमित्रामामी बी.ए. बी.एड.; मुलगी देविका एम.ए. अर्थशास्त्र, दिल्ली विद्यापीठ, फर्स्ट क्लास. इथवर एका दमात. मग समोरचा विचारायचाच, "अरे वा! आता काय करते?" आणि मामांना खोकला यायचा.

देविकाताई गुडगावला उंच इमारतींच्या काचा पुसायची. बाहेरून. दोरावर लटकून.

मंडळाच्या गणपतीत मामा सांगायचे, "काचेच्या कंपनीत आहे." त्यामुळे अर्ध्या मराठी दिल्लीचा समज असा, की देविका कुठल्यातरी मोठ्या काच कारखान्यात अर्थतज्ज्ञ आहे. मंडळातल्या राजाभाऊंनी तर डायनिंग टेबलाची काच होलसेलमध्ये मिळेल का, म्हणून विचारून ठेवलं होतं. मामा "बघतो" म्हणाले होते.

आता एम.ए. झालेली मुलगी काचेवर कशी गेली, हे सांगायला हवं. कॉलेजात असताना ताई रविवारी मित्रमैत्रिणींबरोबर फरीदाबादच्या पलीकडे धौजच्या खडकांवर चढायला जायची. घरच्यांना वाटायचं, पिकनिक. मग उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स केला. घरच्यांना वाटलं, हवापालट. पुढे गुडगावच्या एका बँकेत नोकरी लागली, तेव्हा मामांनी पेढे वाटले. सरकारी नसली तरी बँक ती बँक. तो काळच तसा होता. कालपर्यंत जिथं मोहरीची शेतं होती, तिथं काचेचे डोंगर उभे राहत होते, आणि शेजारी पुढचा डोंगर खणला जात असल्यामुळे आधीच्याच्या काचेवर रोज धुळीचा थर बसत होता.

एक दिवस ताईच्या टेबलाशेजारच्या काचेवर बाहेरून एक माणूस उतरला. एकच दोर, तोही सुतळीसारखा पिंजलेला. त्याने हसून सलाम केला. ताई जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर गेली, तो दोर बांधलाय कशाला ते बघायला. टीव्हीच्या डिशच्या खांबाला बांधला होता.

"खाली येऊन जेवूच शकले नाही यार," ती मला सांगत होती. "आपण आत एसीत बसून जीडीपीचे आकडे लावतोय, आणि बाहेर हा माणूस डिशच्या भरवशावर!"

महिनाभरात तिने बँक सोडली. धौजला तिच्याबरोबर चढणारा अंकुर, हा इतिहासात बी.ए., त्याला घेऊन तिने स्वतःचं काम सुरू केलं. सलाम करणाऱ्या त्या माणसालाही तिने बोलावून घेतलं, आणि दोन दोरांवर चढवलं: एक उतरायला, दुसरा पहिला तुटला तर.

मामांनी यावर सरकारी उपाय केला. मुलीला न विचारता तिच्या नावाने केंद्र सरकारच्या परीक्षेचा फॉर्म भरला, आणि "माझ्यासाठी एवढी एक दे" म्हणाले. ताईने बापाचं मन राखायला पेपर दिला. पण नापास व्हायची सवयच नव्हती, त्याला ती काय करणार? पास झाली. इंटरव्ह्यूतही पास झाली. सोमवारी मंत्रालयात रुजू व्हायचं, असा हुकूम आला.

त्या आधीच्या शुक्रवारी जेवताना मामा म्हणाले, "पेन्शन आहे, क्वार्टर आहे. वर चढायचंच असेल तर प्रमोशनने चढ."

"बाबा, तुम्ही माझं काम कधी बघितलंयत?"

"काचा पुसताना काय बघायचंय?"

"परवा रविवारी या. बघा. बघून म्हणालात सोड, तर सोमवारी जाऊन सही करते. बिल्कुल वाद घालणार नाही."

मामींच्या हातातला वरणाचा डाव मध्येच थांबला. मी मानच वर केली नाही. ताईने सगळं काम बापाच्या एका शब्दावर पणाला लावलं होतं, आणि मामांचा शब्द काय असणार, हे त्या टेबलावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

ऑफिसं बंद असतात म्हणून ताई मोठ्या इमारतींचं काम रविवारी ठेवायची. मी मामांना बसने गुडगावला घेऊन गेलो. मामा इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन, जणू तपासणीच्या दौऱ्यावर. लिफ्टने वर गच्चीवर पोहोचलो तर ताई पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये जखडलेली, कमरेला बादली, वायपर, आणि लोखंडी कड्यांचा खुळखुळाट. मामा दारातच थबकले.

"या बाबा. कठड्याजवळ नको, तिथं उभे राहा."

अंकुर तिच्यासमोर उभा राहून एकेक गोष्ट हाताने चाचपत होता आणि मोठ्याने बोलत होता. "पहिला दोर, गाठ ठीक. दुसरा दोर, वेगळ्या खांबाला, ठीक. कंबरपट्टा ठीक." ताई प्रत्येकाला "ठीक" म्हणत होती.

"हा काय प्रकार?" मामांनी मला हळूच विचारलं. मी कुठला सांगणार! ताईनेच मान न वळवता उत्तर दिलं, "स्वतःचं स्वतः तपासायचं नाही, बाबा. माझं अंकुर तपासतो, अंकुरचं मी."

मामांचा हात नकळत खिशातल्या पेनाकडे गेला.

तेवढ्यात अंकुरचा हात छातीजवळच्या कडीवर अडला. "देविका, इसका पेच आधा खुला है."

मी ताईकडे बघितलं. बाप समोर उभा, आणि चूक सापडली होती. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, लावतेच होते, किंवा, एवढ्याने काय होतं. ताईने पेच आवळला, "अच्छा, थँक्स," म्हणाली, आणि दोन पावलं मागं सरून पुन्हा हात पसरून उभी राहिली. अंकुरने पहिल्या दोरापासून सुरुवात केली.

"आता परत सगळं कशाला?" मामा न राहवून बोलले. "कडीच तर राहिली होती."

"मध्ये चूक निघाली की पहिल्यापासून. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"माझाच."

ऑडिटमध्ये लोकांच्या चुका काढण्यात मामांचं आयुष्य गेलेलं. चूक दाखवली की मोठमोठे अधिकारी कसे टेबलं बडवतात, याच्या गोष्टी मी त्यांच्याकडून जेवताना कितीदा ऐकल्या होत्या. ते मुलीकडे असे बघत होते, जसे बाकीचे बाप निकालाच्या दिवशी बघतात.

दुसऱ्यांदा सगळं ठीक निघालं. ताई कठड्यावर चढली, आमच्याकडे तोंड करून. पाठीमागे नुसतं आकाश, आणि खूप खाली मुंग्यांएवढ्या गाड्यांचा हायवे. ती मागे रेलली. खुर्चीत रेलावं, इतकी निवांत. टाचा कठड्यावर, अंग हवेत, मग टाचाही सुटल्या. भोकरदनच्या शाळेत पाण्याच्या टाकीवर चढलो म्हणून मी कधी काळी हिरो होतो, ते तिथल्या तिथे विसरलो.

थोड्या वेळाने मी धीर करून वाकून बघितलं. धुळीने करड्या पडलेल्या त्या भिंतीवर ताई पायाने हलकेच ढकलून डावीकडे जायची, झोका घेऊन उजवीकडे यायची, आणि तिचा हात फिरला की मागे निळं उमटायचं. आकाशाची पट्टी, तिच्याखाली अजून एक पट्टी. शेवटी अर्ध्या भिंतीवर ढग चालायला लागले. मी इतकं मोठं काही कुणाला हाताने करताना बघितलं नव्हतं. मामा माझ्या शेजारी कधी आले ते कळलंच नाही. एका हाताने त्यांनी माझं मनगट गच्च पकडलं होतं. दुसरा हात कठड्यावर दोराखाली घातलेल्या जाड कापडावर होता, ते सरकू नये म्हणून. ते तसं सरकणार नव्हतं. पण त्यांनी हात काढला नाही, ती खाली जमिनीला टेकेपर्यंत.

ती लिफ्टने वर आली. केसात साबण, गालावर चिखलाचे ओघळ, आणि डोळ्यांत, दोरावर नव्हती ती भीती.

"बोला बाबा."

मामांनी चष्मा पुसला. "उद्या मंत्रालयात मीच जाऊन येतो."

"तुम्ही? कशाला?"

"तू रुजू होणार नाहीस, हे लेखी द्यावं लागतं. तू अर्ज लिही, मी नेऊन देतो. नाहीतर जागा अडून राहते. यादीत तुझ्या खालचं कोणी पोर डोळे लावून बसलं असेल."

अंकुर दोर गुंडाळायचा थांबला.

"आणि राजाभाऊंना फोन करायचाय," मामा म्हणाले, "त्यांना टेबलाची काच मिळणार नाही म्हणून सांगतो. का ते विचारतीलच."

"मग काय सांगाल?"

"वेळ लागेल सांगायला," मामा म्हणाले. "आज रविवार आहे, फोनला निम्मा दर. सावकाश बोलतो."