बँकेची थंड फरशी
उन्हाळ्यात थंड फरशीला तळवे टेकले की मला रायपूरच्या गोल बाजाराजवळची आमची बचत बँक आठवते. मी सहा-सात वर्षांची असेन. रेल्वेत नोकरीला असलेल्या काकाचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आलेल्या काकूचं खातं उघडायला तो आम्हा दोघींना घेऊन निघाला. बँकेच्या इमारतीला पांढरा गोल घुमट होता, पुढे रुंद पायऱ्या होत्या. काकूनं पहिल्या पायरीशीच चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. तिला ते बुद्धविहार वाटलं होतं. दारातला चपराशी हसू लागला. "काकू, हे तर..." मी सांगणार, तोच काकानं माझा हात दाबला. मग तो पायरीवर बसला आणि आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. मीही चपला काढल्या. आम्ही तिघं अनवाणी आत गेलो. जाळीमागचे कारकून दिसले तशी काकू अगदी कानकोंडी झाली. "सांगतलं काहून नाही?" ती पुटपुटली. काका म्हणाला, "फरशी थंडी हाय, पायाले बरं वाटते." पुढे बँक बंद पडली, पाटी उतरली, तरी रिक्षावाले त्या चौकाला अजून बँकच म्हणतात. काकाही आता नाही. परवा काकूसोबत तिथे गेले; आत साड्यांचं दुकान आहे. तिनं पायरीशी चपला काढल्या. "अम्मा, पहने रहिए ना," दुकानदार म्हणाला. "राहू दे भैया," काकू म्हणाली, "फरशी थंडी हाय."