वहिनीचं यीस्ट

प्रयोगशाळेत सगळे तिला यीस्टताई म्हणायचे आणि तिच्या वहिनीला नुसतं वहिनी. नणंद-भावजय एकाच टेबलाशी म्हटल्यावर लोकांनी भांडणासाठी कान टवकारले होते, पण हाती काही लागलं नाही. दोघींचं इतकं गूळपीठ, की दादा वैतागायचा, "हिचं लग्न माझ्याशी झालंय की तुझ्याशी?"

मग दादाची बदली परदेशात झाली. पोरं लहान, वहिनीला जावंच लागलं.

काम अर्धवट राहिलं. यीस्टमध्ये गॅलॅक्टोज नावाची साखर पचवणारी जनुकं असतात. त्यांच्या उशाशी एक प्रथिन बसलेलं असतं. एरवी दुसरं प्रथिन त्याची शेपटी दाबून धरतं. गॅलॅक्टोज आली की पकड सुटते, शेपटी जनुक वाचणाऱ्या यंत्रणेला बोलावून आणते आणि जनुक जागं होतं. ग्लुकोज असेल तर मात्र सगळं बंद. "आयतं ताट समोर असताना चूल कोण पेटवेल?" वहिनी म्हणायची. जाण्याआधी तिने शेपटीतच बिघाड केलेलं यीस्ट बनवलं होतं. प्रथिन जागेवर बसायचं, पण जनुक ढिम्म. आता यीस्टताई अशी पेशी शोधत होती, जिच्यात दुसरीकडे काही बदलून जनुक पुन्हा जागं झालंय. तसं झालं की गॅलॅक्टोज घातलेल्या प्लेटवर निळा ठिपका दिसणार होता.

प्लेटांमागून प्लेटा पांढऱ्या निघाल्या. काही सुचलं की ती शेजारी वळायची आणि उघडलेलं तोंड तसंच मिटायची.

एका सकाळी कडेला निळा ठिपका दिसला. तिने तडक फोन लावला.

"वहिनी, निळा आलाय!"

पलीकडचा भांड्यांचा आवाज थांबला. "ग्लुकोजवर वाढवून बघितलंस?"

"अजून नाही."

"मग नाचू नकोस. तिथेही निळा निघाला तर जनुक कायमचंच उघडं पडलंय."

ग्लुकोजवर ठिपके पांढरेशुभ्र निघाले. फोनवर वहिनीने ते एकेक करून बघितले. मग म्हणाली, "मी तिथे हवी होते गं."

बदल त्या वाचणाऱ्या यंत्रणेतच झाला होता, हे पुढे कळलं. शोधनिबंध छापायची वेळ आली तेव्हा वहिनीचं नाव पहिलं हवं म्हणून यीस्टताई अडून बसली.

"शेवटपर्यंत राबलीस तू," प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

"पाया तिचा आहे."

सरांनी हात टेकले. तो निबंध वाचून वहिनीच्या तिकडच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं आणि नोकरीच देऊन टाकली.

"तुझ्यामुळे गं!" वहिनी फोनवर हसत होती, रडत होती. यीस्टताईही हसली. पोरं मोठी झाली की वहिनी परत येईल, अशी तिची आशा होती. आता कशाला येईल? ते तिने ओठांवर आणलं नाही.

"शेजारी कोण बसतं?" तिने विचारलं.

"आहे एक म्हातारा. दिवसभर तोंडातून शब्द काढत नाही."

यीस्टताईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.