क्लेमेंट थ्वेटची जाहीर सूचना

आमच्या थॉर्नबेक गावात क्लेमेंट थ्वेट म्हणजे चालतीबोलती नोटीस. सभागृहाचा सेक्रेटरी. दाराला लावायच्या सगळ्या सूचना तोच लिहायचा. आमच्या इंग्रजीत एक मोठी सोय आहे: वाक्यातून माणूस काढून टाकायचा आणि मधोमध 'सविनय', 'मनःपूर्वक' असलं काहीतरी गोड ठेवून द्यायचं. काम होतं, प्रेमाने होतं, पण करणारा कुठं दिसतच नाही! क्लेमेंट त्या सोयीतच राहायला गेला होता. एकदा नाचताना माझ्या पायावर उभा राहिला आणि म्हणाला, "डोरा, तुमचा पाय अनवधानाने तुडवला गेला आहे." अरे मेल्या, कुणी तुडवला?

सूचनांपुरतं हे ठीक. पण हा बाबा चहाचं टेबल सांभाळणाऱ्या एनिड सग्डनवर वर्षानुवर्षं झुरत होता, आणि विधवा एनिड आता घर आवरून बहिणीकडे कॅनडाला निघाली होती. मंगळवारी बोट. त्याच्या आधीचा शनिवार म्हणजे आमचं भाज्या-फुलांचं प्रदर्शन.

प्रदर्शनाच्या तंबूत मी त्याला गाठलं. "क्लेम, ती चालली. आता तरी बोलणार आहेस का?"

"योग्य वेळी गांभीर्याने विचार करण्यात येईल."

"तुझं डोंबल! योग्य वेळी ती बोटीत असेल!"

बिचारा पांढराफटक पडला. मग निकाल वाचायला माइकपाशी गेला. कांदे झाले, भोपळे झाले, मुरंबे झाले. त्याने घसा खाकरला.

"उपस्थितांना नम्रपणे कळविण्यात येते की, चहाच्या टेबलावरील मिसेस सग्डन यांच्यावर कित्येक वर्षांपासून अत्यंत मनापासून प्रेम केले जात आहे."

पुढच्याच क्षणी गावातल्या प्रत्येक बायकोने आपापल्या नवऱ्याकडे पाहिलं.

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. "हॅरॉल्ड! तुम्ही?"

"देवाशपथ नाही! मी कांदे बघायला आलोय!"

"मग कान का लाल झाले?"

"तू बघतेस म्हणून!"

नुसता गोंधळ. पाद्रीबाबासुद्धा दोन्ही हात वर करून "मी नाही, मी नाही" करत होते. एवढ्यात एनिड किटली घेऊनच पुढे आली.

"कोणाकडून?" तिने विचारलं.

क्लेमेंटचं तोंड उघडलं, मिटलं. माइकमधून नुसता श्वास ऐकू येत होता. बोल ना रे बाबा!

तेवढ्यात मागून मेंढ्यावाला पर्सी उठला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, बक्षिसाचा भोपळा काखेत. "जागा रिकामी असेल तर माझं नाव घाला की. मला चालेल."

"नाही!" माइक किंचाळला. बाहेरची कुत्री भुंकायला लागली. "मी! मी करतो! मी, क्लेमेंट थ्वेट, तुझ्यावर प्रेम करतो, एनिड! जाऊ नकोस!"

एनिडने किटली पर्सीच्या हातात दिली. "कमाल आहे बाई तुझी, क्लेमेंट! एक अक्षर बोलायला एवढी वर्षं?" ती हसत होती आणि पदराने पुसावेत तसे एप्रनने डोळे पुसत होती. आम्ही एवढ्या टाळ्या पिटल्या की कांद्यांचं टेबल आडवं झालं. कुणी पाडलं ते आजवर कळलेलं नाही.

मंगळवारी सभागृहावरून जाताना दाराला नवी सूचना दिसली. अक्षर त्याचंच.

"मी एनिडला विचारलं. ती हो म्हणाली. शनिवारी लग्नाला या. क्लेमेंट थ्वेट."

कुठं नम्रपणे नाही, कुठं मनःपूर्वक नाही. मी तिथंच रस्त्यात उभी राहून रडले.