गाडीतली ओल

आमची मुलगी शाळेत डच बोलते, घरीही डच बोलते, आणि मी मराठीत काही विचारलं की डचमध्येच उत्तर देते. समजतं सगळं. माझ्या आईशी फोनवर मात्र ती ‘हो’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाही. मग आई मला हळूच विचारते, "पोरगी रागावलीय का गं माझ्यावर?"

म्हणून सुट्टीत फिरायला एक गाडी घेतली. जुन्या पिकअपच्या पाठीवर बसवलेली खोली: गॅस, टेबल आणि वर झोपायला फळी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं मी म्हटलं तर नवरा खूश झाला. नियम एकच, गाडीत फक्त मराठी. पोरीने तो खेळ समजून पाळला. आमचं इथलं गाव, फेल्डहोवन, मागे पडलं की तिची बडबड सुरू व्हायची. "बाबा, ती गाय मला बघतो!" आम्ही चूक दुरुस्त करायचो नाही. मला तेवढ्यानेच भरून यायचं.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा गादी उचलली, तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके. बुरशी. व्हिनेगरने घासून काढली, तरी थोड्या दिवसांत परत हजर. नवऱ्याला वाटलं, छत गळतंय. तो चिपची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला, तिथल्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही. त्यामुळे ही बुरशी त्याला स्वतःचा अपमान वाटली. शिडी लावून त्याने छताचा एकेक सांधा सीलंटने भरला. बोटं बधिर झाली तरी खाली उतरेना.

मग पोरीला खोकला लागला. गाडीत झोपली की छाती वाजायची. हाऊसआर्ट्सकडे गेलो, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे. त्यांनी छाती तपासली आणि सांगितलं, बुरशी असेल तिथे हिला झोपवू नका. परतताना नवरा म्हणाला, "विकून टाकू या." बरोबरच होतं त्याचं. पण मला भीती वाटली. गाडी गेली की हिची मराठीही गेली, आणि माझी आई कायमची समजणार की नातीला आपण नको आहोत.

गाडी विकायला काढण्याआधी पोरीला एकदा तिच्यात जेवायचं होतं. गाडी दारातच उभी होती. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता, हवा कोरडी ठणठणीत. मी मुगाची खिचडी लावली. कुकरने शिट्ट्या दिल्या आणि सगळ्या काचा पांढऱ्या झाल्या. बघता बघता पाण्याचे ओघळ भिंतीवरून गादीमागे उतरायला लागले.

मी वर पाहिलं. छताच्या हवेच्या झडपेत माझी जुनी ओढणी कोंबलेली होती, बाजूच्या जाळ्यांवर चिकटपट्टी. पहिल्या थंडीत आम्हीच लावली होती, पोरीला वारं लागेल म्हणून. लहानपणापासून हेच शिकलो ना: गारठा पडला की खिडक्या लावा, कान बांधा. शेजारच्या डच बाई कडाक्याच्या थंडीत सगळ्या खिडक्या उघडून पांघरुणं बाहेर टाकतात, त्यांना आम्ही हसायचो. इकडे नवऱ्याने गाडी बाहेरून बंद केली आणि मी आतून. तिघांचे श्वास, कुकरची वाफ, ओले मोजे, कशालाच बाहेर जायला वाट नव्हती. मला रडूच आलं. पोरीच्या छातीत आम्ही आमची माया कोंडून ठेवली होती.

चिकटपट्ट्या काढल्या. गादी टाकून दिली, सडलेली फळी बदलली. भिंत पुरती कोरडी झाल्यावर डॉक्टरीणबाईंना विचारून गाडी घेऊन समुद्राकाठी गेलो. झडप उघडी, खिडकी अर्धी उघडी.

पहाटे गार वारा आत आला. पोरीने डोळे न उघडताच म्हटलं, "आई, खिडकी लाव ना. मला थंडी वाजतेय."

कोणी मराठीच्या नियमाची आठवण करून दिली नव्हती. खेळही नव्हता. सूर तर थेट माझ्या आईचाच. माझा हात खिडकीवर गेला होता.

"नाही गं राणी," मी म्हटलं, आणि माझी शाल तिच्या अंगावर टाकली.

पाठ फिरवून ती डचमध्ये काहीतरी पुटपुटली. मी खिडकी तशीच ठेवली आणि तिची छाती वाजतेय का ते ऐकत बसले.