धावणारा गेला, वाट काढणारे राहिले

मंडळी, आज सकाळी सेम्बावांगच्या मैदानावरून खचूनच परतलो.

मी इथल्या हौशी टीमला अमेरिकन फुटबॉल शिकवतो. त्यात पुढचे पाच जण समोरच्यांना अंगाने रेटतात आणि बॉल घेऊन धावणाऱ्याला वाट करून देतात. आमचे पाच आजही एकत्र पाय उचलेनात. आमचा एकमेव धावणारा रोहन पुन्हा पुन्हा आपटला.

शेवटी त्याने हेल्मेट काढलं. "दादा, वाट उघडतच नाही. मी टीम सोडतो आता."

"पुढच्या शनिवारी ये. जमेल त्यांना."

"तुम्हाला खरंच वाटतं?"

मला खोटं बोलवेना. तो गेला.

पाचही जण सराव करतच होते. "कोच, वन मोर टाइम लाह," एक जण धापा टाकत इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाला. मी पाहिलं. नाहीच जमलं.

रोहन परत येणार नाही, हे त्यांना कसं सांगू?