कोण कुठं उठलं

"मॅडम, ह्या सीड्या आपण कोनाले घरी नेऊच देत नाई. मंग तारखेचा शिक्का येईन कुठून?"

पुसदच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नागोराव पाईकराव हे बोलले, तेव्हा त्यांच्या हातात समीक्षा मॅडमनं छापून आणलेली यादी होती. मॅडम ग्रंथपाल, नागोराव परिचर; वयानं मॅडम त्यांच्या पोरीएवढ्या. यादी निर्लेखनाची. पाच वर्षांत जे एकदाही कोणी नेलं नाही, ते काढून टाकायचं, असा समितीचा ठराव. मागच्या भिंतीचं शहाऐंशी सीड्यांचं अख्खं कपाट त्यात आलं होतं. प्रत्येक डबीत तारखेची चिठ्ठी, अन् चिठ्ठ्या सगळ्या कोऱ्या. मॅडमलाही पटत नव्हतं, पण समिती चिठ्ठ्याच पाहते, म्हणाल्या.

कपाट राठोड सरांचं. पूनमसिंग राठोड, इतिहासाचे. त्यांनी नरसंहाराचा पेपर सुरू केला अन् बारा वर्षं पत्रं लिहून लिहून जगभरातून सिनेमे, माहितीपट मागवले. जर्मनी, आर्मेनिया, कंबोडिया, रवांडा. कुठून दूतावास पाठवायचा, कुठून सिनेमा काढणारा स्वतःच. पार्सल फोडायचं नागोरावांनी, दाखल क्रमांक टाकायचा नागोरावांनी, अन् सीडी कुठं अटकत तर नाही, हे पाहायला शेवटपर्यंत बसायचंही त्यांनीच. दहावी नापास माणूस. खालची इंग्रजी अक्षरं भराभर पळायची. पण चपलांचा ढीग समजायला इंग्रजी कायले लागते? शाळेच्या वर्गात लोखंडी खाटा दिसल्या की तो कंबोडिया, हे हळूहळू ते ओळखायला लागले. पहिल्याच वर्षी त्यांनी एक शिस्त लावून घेतली: डबा आधी खायचा, सीडी मग लावायची. घरी बायको, मथुराबाई, विचारायची, आज काय पाह्यलं. ते म्हणायचे, तेच.

सीडी घरी द्यायची नाही, हा सरांचा नियम. हे एकट्यानं पाहायचं काम नाही, म्हणायचे. वाचनकक्षाच्या कोपऱ्यात टीव्ही लावला अन् नागोरावांकडे एक वही दिली. कोण पाहायला बसलं अन् कितव्या मिनिटाला उठून गेलं, एवढं लिहायचं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात सिनेमातल्या त्या जागेबद्दल बोलायचे. उठलेल्याला रागवायचे नाहीत. कारणाचा रकाना मात्र नागोरावांनी आपल्या मनानं आखला. सर रिटायर होऊन चार वर्षं झाली. पेपर अजून चालू आहे, दहा-बारा पोट्टे-पोट्ट्या घेतात. वही बंद करा असं कोणी म्हटलं नाही, म्हणून वहीही चालूच राहिली.

अकरा वाजता समितीचे रजत सर आले. कॉमर्सचे, तरुण, घाईतले. कोऱ्या चिठ्ठ्या पाहून त्यांनी पेन काढला. नागोरावांनी वही पुढं सरकवली. सरांनी चार पानं उलटली अन् हसले.

"नागोराव, हे तुम्ही घरी बसून लिहिलं नाही कशावरून?"

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात नागोरावांनी टीव्हीसमोरची खुर्ची फडक्यानं पुसली.

"बसा ना सर. एकच पाहून घ्या."

रक्ताची त्यांनी मुद्दाम काढली नाही. एक म्हातारी आपल्या गावातून चालत जाते अन् कोण्या घरात कोण राहत होतं ते सांगते, बस, अशी एक होती, ती लावली. रजत सर पाय पसरून बसले. मॅडमला म्हणाले, यात तर काहीच नाही. म्हातारी एका दारापाशी थांबली अन् बोटांवर मोजत लेकरांची नावं घ्यायला लागली. चौथ्या नावाला सर उठले, खिशातून फोन काढून कानाला लावला अन् बाहेर गेले. फोन वाजला नव्हता. नागोरावांनी मिनिट पाहून लिहून टाकलं.

सर आले ते तोंड धुऊन. वहीत त्यांचं नाव होतं. मिनिट बावीस. कारण: फोन.

"अर्जंट होता," सर म्हणाले.

"हाव ना. सगळ्यायलेच येते सर."

रजत सरांनी रकाना वर वर वाचत नेला. फोन. पाणी. फोन. बसची वेळ. पाणी. झरी जामणीकडची एक पोरगी लागोपाठ तीन दिवस एकतिसाव्या मिनिटाला पाणी प्यायला उठलेली, अन् चौथ्या दिवशी शेवटपर्यंत बसलेली. ते पान सरांनी परत एकदा वाचलं. मग यादीतून त्या कपाटाचं नाव खोडलं. पण कागद लागेल, म्हणाले. शहाऐंशीच्या शहाऐंशी सीड्या शेवटपर्यंत चालतात, असं परिचराच्या सहीनं लिहून द्या, तीन महिन्यांत.

ते गेल्यावर मॅडमचा चेहरा खुलला. नागोराव खुर्चीत बसून गुडघे चोळत राहिले. कपाट वाचलं, हे खरं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची रिटायरमेंट; हे सगळं आता परत पाहणं नाही, असं ते धरून चालले होते.

"काका, पळवून पळवून पाहा ना," मॅडम म्हणाल्या.

"अटकत असन तं पळवण्यात दिसत नाई मॅडम."

घड्याळात साडेबारा झाले होते. त्यांनी डबा उघडला, भाकर अन् वांग्याची भाजी खाल्ली, हात धुतले. मग क्रमांक एकची सीडी काढून मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, यंत्रात सरकवली, वहीचं नवं पान उघडलं अन् त्यावर आपलं नाव लिहिलं.