खाली बसणारी माणसं

"ठिव ते खाली," मालक पारावरून म्हणाले.

माझ्या डोक्यावर खुर्ची होती. स्टीलच्या पाइपांची, बसायच्या जागी भोक असलेली, खाली बादली अडकवायची. म्हाताऱ्या माणसाला घरातल्या घरात संडासला बसवायची खुर्ची. काखेत गोधडी. भर दुपारी, भर गावातून मी घराकडं चालले होते. आणि खरं सांगते, खुशीत चालले होते.

मी खुर्ची खाली ठेवली. पारावर सात-आठ माणसं बसलेली. सगळी ओळखीची.

"कुनाला इचारून आनली?"

"मालकीणबाईनं गोधडी देली, तांब्या देला. म्हनलं खुर्ची बी माजीच."

"गोधडी देली म्हून खुर्ची उचलायची? उद्या कपाट उचलशील."

माणसं हसली. हसण्यासारखं त्यांना सापडलं होतं. मी म्हटलं, "माज्या मायला पायजे व्हती. तिच्या अंगावरून वारं गेलंय."

मालकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पारावरच्यांकडं पाहून बोलले. "तुमी खाली बसनारी मानसं. तुमाला काहून लागती खुर्ची?" मग मला म्हणाले, "जशी आनली तशी नेऊन ठिव. डोक्यावरच."

मी नेली. खुर्ची उचलून डोक्यावर घेताना एकानंही हात लावला नाही. बादलीची कडी सैल होती, ती पावला-पावलाला वाजायची. दारादारातून बाया बघत होत्या. मालकांचा राग येतोच, पण त्या दिवशी गप्प राहिलेल्या माझा मला जास्त येतो. अजून येतो.

आता माझी चूक सांगते. चूक होतीच.

पुसेगावच्या बाजूचं आमचं गाव. मी नवऱ्याघरून परत आलेली. घरात माय आणि मी, चार शेळ्या. मालकांची आई, मोठ्या बाई, अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं करायला मला ठेवलं. दोन वर्षं केलं. आंघोळ, वेणी, कूस बदलणं, पाठीला खोबरेल लावणं. आणि ती खुर्ची. रोज उचलायची, धुवायची, पुसून उन्हात ठेवायची. मोठ्या बाई स्वभावानं कडक, पण त्या खुर्चीवर बसल्या की मला म्हणायच्या, "तू भाईर जाय." मी बाहेर जायचे. दार लोटून घ्यायचे. दोन वर्षांत त्या बाईला कुणी उघडं पाहिलं नाही, मी सोडून. दोन वर्षं मी त्या घरात जमिनीवर बसले. खुर्ची हात लावायला माझी, बसायला नाही, हे मला कधी खटकलंही नव्हतं.

आमच्याकडं रीत आहे. माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण, तांब्या, लुगडं, जिनं सेवा केली तिला देतात. एकदा दिलं की ते उंबऱ्याच्या आत परत येत नाही. येऊ देत नाहीत, अपशकुन मानतात. मोठ्या बाईंच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी दारातूनच बोट दाखवलं, "ते घिऊन जाय." गोधडी होती, तांब्या होता, आणि शेजारी खुर्ची ठेवलेली. मी तिन्ही उचललं. मेलेल्या माणसाची गोधडी मला चालते, मेलेल्या माणसाचा तांब्या चालतो, मग खुर्ची चालेलच, असा माझा हिशेब. ज्या गोधडीवर मोठ्या बाईंनी जीव सोडला ती देताना कुणाचा हात अडखळला नाही. अडखळला तो खुर्चीशी. हे मला तेव्हा कळलं नाही. पारावर कळलं.

मायचं सांगते. जन्मभर शेळ्यांमागं चालली ती. माळावरून पाय तुटेस्तोवर फिरलेली बाई. डावी बाजू गेली आणि ती एका कोपऱ्यात आली. परसात न्यायचं तर मी पाठीवर घ्यायचे. मी निंदायला गेले की दिवसभर कोण नेणार? शेजारची कधी आली, कधी नाही. एकदा मी घरी आले तर माय दारापर्यंत घासत आलेली. लुगडं ओलं. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

त्यानंतर तिनं पाणी पिणं सोडलं. मला आधी कळलंच नाही. तांब्या भरून ठेवायचे, तो भरलेलाच राहायचा. भाकरी अर्धी. मी रागावले तर म्हणाली, "पेलं की उठावं लागतंय." एवढंच. ओठ फुटले होते तिचे. माझी माय लाजेपायी तहानेनं वाळत होती, आणि मी रोज ज्या वाटेनं कामाला जायचे त्या वाटेवर ती खुर्ची होती.

हो, वाटेवरच. मालकांनी ती शेतातल्या गोठ्यात टाकली होती. आमच्याकडं त्याला आखाडा म्हणतात. आखाड्याच्या कुडातून दिसायची. तिच्यावर पेंडीचं पोतं ठेवलेलं. पोत्याला ओल लागू नये म्हणून. पोतं खुर्चीवर बसलं होतं आणि माझी माय जमिनीवर घासत होती. मी रोज बघायचे. मान वळवायची नाही असं ठरवून निघायचे आणि बघायचे.

एका ऑफिसात गेले. अशा वस्तू फुकट मिळतात असं कुणीतरी सांगितलेलं. टेबलामागचा माणूस म्हणाला, "पेशंटला घेऊन या. दाखला लागेल, फोटो लागेल. पेशंट समोर पाहिजे." मी म्हटलं, साहेब, ती उठत नाही. "मग उचलून आणा." तो काही वाईट बोलला नाही. त्याच्या कागदावर तसंच लिहिलं असेल. पण मायला जीपपर्यंत न्यायचं तर काहीतरी बसायचं साधन हवं, आणि साधन मिळवायचं तर मायला जीपमधून न्यायचं. मी त्या ऑफिसच्या पायरीवर बसून हाच विचार गोल गोल करत राहिले. कुठूनच बाहेर पडायला वाट सापडत नव्हती.

तिथून हिंगोलीत दवाखान्याच्या वस्तूंच्या दुकानात गेले. खुर्ची होती, अगदी तशीच. किंमत विचारली. ऐकली. दुकानदार माझ्या पायांकडं बघत म्हणाला, "लेनी है क्या? नहीं तो हाथ मत लगाव."

मी हात लावलेला होता. काढला नाही. त्याचं बोलणं संपेपर्यंत मी त्या खुर्चीवर हात फिरवत होते, कारण मला एक गोष्ट दिसली होती. यात आहे काय? चार पाय. दोन हात टेकायला. एक भोक. एक बादली. दोन वर्षं मी हे धुतलं, उचललं, पुसलं. बसायची उंची दोन विती आणि चार बोटं. पाठ दीड वीत. हे सगळं माझ्या हातात होतं. आणि मी मात्र ती राजाची गादी असल्यासारखी लोकांच्या दारोदार मागत फिरत होते. त्या दुकानात मला स्वतःची इतकी चीड आली की मी तडक बाहेर आले.

पहिली खुर्ची मी स्वतः केली आणि फसले. भंगारातली प्लास्टिकची खुर्ची आणली, विळा तापवून बसायच्या जागी भोक पाडलं. माय बसली. खुर्चीचे पाय फाकले, ती चिरली, माय पडली. कमरेला काळंनिळं झालं. ती ओरडली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई. आपल्याला न्हाई जमत असलं." ते वाक्य मला मालकांच्या वाक्याहून जास्त लागलं. तेच वाक्य होतं ते. फक्त माझ्या मायच्या तोंडून आलेलं.

मग गावातल्या वेल्डिंगवाल्या मिस्त्रीकडं गेले. तो दारं-खिडक्या करतो, नांगराचे फाळ जोडतो. त्याच्या अंगणात मोडक्या लोखंडी पलंगाचा सांगाडा पडलेला. मी म्हटलं, याची खुर्ची करून दे.

"कसली खुर्ची?"

सांगितलं. तो हसला नाही. मी त्याची कदर एवढ्याचसाठी करते. म्हणाला, "माप बराबर सांग. मानसाचं वजन पडनार हाय, अंदाजानं न्हाई चालत."

मी जमिनीवर वितीनं माप टाकलं. तो बघत राहिला. "कुठं शिकलीस?"

"धुता धुता," मी म्हटलं.

मजुरी म्हणून त्यानं एक करडू घेतलं. खुर्ची झाली ती ओबडधोबड, जड, एक पाय किंचित आखूड. त्याच्याखाली मी फरशीचा तुकडा घालते. बसायच्या कडेला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, टोचू नये म्हणून. कोपऱ्यात मायच्या अंथरुणाला लावून ठेवली आणि आढ्याला दोर बांधला, उजव्या हातानं धरून सरकायला. दोन दिवस माय तिच्याकडं संशयानं बघत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी दोर धरून, दम खात, स्वतः सरकून बसली. मी समोर उभी.

"बघतीस काय," ती म्हणाली. "भाईर जाय. दार लोटून घे."

मी दार लोटून बाहेर आले आणि शेळ्यांत बसून रडले. मोठ्या बाईसाठी दोन वर्षं जे दार मी रोज लोटलं, ते माझ्या मायला पहिल्यांदा मिळालं होतं.

पुढच्या महिन्यात मालकांचा निरोप आला. मालकीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. बाई हवी. "तुलाच बलावलंय, तुजा हात चांगला हाय." काम हवंच होतं. निंदणी संपलेली, घरात पीठ संपत आलेलं. मी गेले. जाताना गोधडी डोक्यावर घेतली, मोठ्या बाईंची. पारावरून, त्याच वाटेनं.

मालकीणबाई बसलेल्या. शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या. त्यांनी दाराजवळच्या पोत्याकडं बोट केलं. "बस."

मी उभी राहिले. "खुर्ची द्या."

"कुनाला?"

"मला. बसून बोलू."

त्या म्हणाल्या, "लईच वर गेलीस की गं."

मी गोधडी उतरवली, घडी नीट केली आणि उंबऱ्याच्या आत, त्यांच्या पायाजवळ ठेवली.

त्यांनी पाय मागं घ्यायला बघितलं. ऑपरेशनचा पाय, मागं सरला नाही. "मेलेल्याचं परत आनतेत का घरात?"

"आनत न्हाईत," मी म्हटलं. "मला ठाव हाय."

आणि निघाले. गुडघा दुखणाऱ्या बाईला मी सोडून आले. ते मला गोड वाटलं नाही. पण परत वळले नाही.

त्याची शिक्षा चालू आहे. मालकांच्या शेतात मला कामाला सांगत नाहीत. त्यांच्या सोयऱ्यांच्याही नाही. सेनगावकडं दूरवर जावं लागतं, जीप चुकली तर चालत. माय बरी झालेली नाही, होणारही नाही. खुर्ची हलते. फरशीचा तुकडा सरकला की ती हाक मारते आणि मी नसते. पण तांब्या आता रिकामा होतो. पाणी पिते ती.

खालच्या आळीतली एक बाई परवा सासऱ्यासाठी माप मागायला आली. मी दिलं. मागेल त्याला देणार, मालकीणबाईंचा माणूस आला तरी देणार. माप कुणाच्या बापाचं नाही.

कामाला मात्र आता ज्या दारात जाईन तिथं आधी बसायला मागेन. वर, त्यांच्या शेजारी. नाही दिलं तर उभ्या उभ्या परत फिरेन, घरात पीठ असो नसो. खाली बसणार नाही.